मोठे टायर बसवल्यानंतर ॲक्सलचे गिअर गुणोत्तर कसे बदलावे: जीप रँग्लरच्या आधारे नवख्यांसाठी मार्गदर्शन

गाडी अडीच-तीन इंच उंच केली, पस्तीस इंची टायर चढवले, आणि पहिल्याच शनिवारी डेन्व्हरहून पश्चिमेकडे जाणाऱ्या आय-७० महामार्गाच्या चढावर गाडीने मान टाकली, ही तक्रार कोलोरॅडोत नव्याने या छंदात पडलेल्या माणसाकडून हमखास ऐकू येते. स्वयंचलित गिअरबॉक्स पाचव्या गिअरवर टिकत नाही, चौथ्यावर येतो, पुन्हा पाचव्यावर जातो, आणि अखेरीस तिसऱ्यावर येऊन इंजिन गुरगुरत राहते. अशा वेळी इंजिन आणि गिअरबॉक्स बहुधा शाबूत असतात. टायरचा व्यास वाढल्यामुळे ॲक्सलमधल्या क्राउन-पिनियनचे, म्हणजे मोठ्या आणि लहान दातेरी चाकांच्या जोडीचे, जुने गुणोत्तर गाडीला पुरेनासे झालेले असते. ते कसे ओळखावे, नवा आकडा कसा ठरवावा आणि प्रत्यक्ष बदल कसा करावा, हे येथे जीप रँग्लरच्या २०१३ सालच्या चार दारी, स्वयंचलित, ३.६ लिटर इंजिनाच्या नमुन्यावरून सांगितले आहे, कारण मी स्वतः त्याच गाडीवर हे काम शिकलो. तत्त्व मात्र मागे आणि पुढे सलग ॲक्सल असलेल्या कोणत्याही ट्रकला लागू पडते.

आरंभीच एक खुलासा करणे आवश्यक आहे. हा लेख अमेरिकेतील गाड्यांविषयी आहे. महाराष्ट्रात थार घेऊन हेच करण्याचा विचार असेल तर मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम ५२ आधी वाचावे. निर्मात्याने नोंदवलेल्या मूळ रचनेशी विसंगत बदल करता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलेले आहे. अमेरिकेतही गाडी किती उंच करावी आणि टायर मडगार्डच्या बाहेर किती यावेत, याचे नियम राज्यागणिक वेगळे आहेत, तेव्हा आपल्या राज्याचा नियम पाहूनच पुढे जावे.

नेमके काय बिघडते

इंजिनाची फिरकी (टॉर्क) गिअरबॉक्समधून प्रॉपेलर शाफ्टवर आणि तिथून पिनियनवर येते. पिनियनचे दात क्राउनच्या दातांत अडकलेले असतात. क्राउनला ४१ आणि पिनियनला ११ दात असतील तर चाकाच्या एका फेऱ्यासाठी शाफ्टला ३.७३ फेरे घ्यावे लागतात, आणि तेच त्या ॲक्सलचे गुणोत्तर होय. आकडा जितका मोठा, तितका चाकावर येणारा जोर जास्त आणि त्याच वेगाला इंजिनाचे फेरेही जास्त. गिअरच्या सायकलवर चढ आला की आपण मागची मोठी चकती निवडतो, तसाच हा प्रकार आहे.

टायर मोठा झाला की दोन गोष्टी एकदम घडतात. एका फेऱ्यात गाडी अधिक अंतर कापते, म्हणून त्याच वेगाला इंजिन हळू फिरते; आणि ॲक्सलच्या मध्यापासून रस्ता दूर गेल्यामुळे त्याच फिरकीतून रस्त्यावर पडणारा जोर कमी होतो. आमच्या नमुन्यातील गाडीला कारखान्यातून २५५/७०आर१८ मापाचे, म्हणजे सुमारे ३२ इंच व्यासाचे टायर आणि ३.२१ गुणोत्तर आले होते. तिला ३५ इंची टायर लावले की परिणामी गुणोत्तर ३.२१ × ३२ ÷ ३५, म्हणजे जेमतेम २.९३ उरते. पाचव्या गिअरचे गुणोत्तर ०.८३ धरले तर ताशी ६५ मैलांना हे इंजिन पूर्वी मिनिटाला सुमारे १,८२० फेऱ्यांवर चालत होते. आता ते १,६६० वर येते. हे इंजिन आपली कमाल फिरकी, २६० फूट-पाउंड, थेट ४,८०० फेऱ्यांवर देते. इतक्या खाली त्याच्याकडून चढाची अपेक्षा करणे म्हणजे उपाशी बैलाला नांगराला जुंपण्यासारखे आहे.

त्यात कोलोरॅडोची उंची आडवी येते. टर्बो नसलेले इंजिन दर हजार फुटांना ढोबळमानाने तीन टक्के शक्ती गमावते, आणि आय-७० वरील आयझेनहॉवर बोगदा ११,००० फुटांहून उंचीवर आहे. तिथे पोहोचेपर्यंत इंजिनाची जवळपास एक तृतीयांश शक्ती हवेतच गेलेली असते. म्हणून समुद्रसपाटीजवळच्या ह्यूस्टनमधल्या मित्राला जे गुणोत्तर पुरले ते डेन्व्हरमध्ये पुरेलच असे नाही.

आकडा ठरवण्यापूर्वीची मोजणी

प्रथम गाडीत सध्या कोणते गुणोत्तर आहे, याची खात्री करावी. विकत घेतलेल्या जुन्या गाडीच्या बाबतीत कागदावर विसंबू नये, कारण आधीच्या मालकाने ॲक्सल बदललेला असू शकतो. ॲक्सलच्या झाकणाच्या बोल्टाखाली कधी कधी धातूची छोटी पट्टी असते आणि तिच्यावर गुणोत्तर किंवा दातांची संख्या कोरलेली असते. पट्टी नसेल तर मागचा भाग स्टँडवर उचलून पुढच्या चाकांना ठोकळे लावावेत, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा, एक चाक कोणाला तरी घट्ट धरायला सांगावे आणि दुसरे चाक बरोबर दोन फेरे फिरवावे. या वेळी प्रॉपेलर शाफ्ट जितके फेरे घेईल, ते आपले गुणोत्तर. शाफ्टवर खडूची खूण केली की मोजणे सोपे जाते: सव्वातीनच्या किंचित आत थांबला तर ३.२१, पावणेचारच्या जवळ थांबला तर ३.७३. दोन फेरे का, असा प्रश्न मला पहिल्यांदा पडला होता. एक चाक अडवले की डिफरेंशियलची पेटी, म्हणजे दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी आणि क्राउन जिच्यावर बसतो ती पेटी, दुसऱ्या चाकाच्या निम्म्या वेगाने फिरते, म्हणून. दोन्ही चाकांना एकत्र जखडणारा लॉकर किंवा त्यांच्या वेगातला फरक मर्यादित ठेवणारा लिमिटेड-स्लिप बसवलेला असेल तर ही युक्ती चालत नाही. तिथे दोन्ही चाके एकत्र एकच फेरा फिरवावीत.

दुसरी मोजणी टायरची. त्याच्यावर ३५ लिहिलेले असले तरी हवा भरून, गाडीचे वजन पडल्यावर तो जमिनीपासून माथ्यापर्यंत क्वचितच पूर्ण ३५ भरतो. मेजरिंग टेपने प्रत्यक्ष उंची मोजून तीच हिशेबात धरावी. पुढील आकडे समजण्यास सोपे जावेत म्हणून मी ३५ हाच धरला आहे.

तिसरी गोष्ट मोजणीची नसून पारखण्याची आहे. उंच केलेल्या गाडीत कंप जाणवत असेल तर तो गुणोत्तराचा दोष नव्हे. गाडी उंच झाली की प्रॉपेलर शाफ्टचे कोन बदलतात, आणि या पिढीच्या रँग्लरमध्ये पुढचा शाफ्ट ॲक्सल पूर्ण खाली लटकल्यावर एक्झॉस्टच्या नळीला घासू शकतो. त्याच्या सांध्यावरचे रबरी बूटही फाटतात. आधी उंची, मग टायर, मग शाफ्टचे कोन आणि सगळ्यांत शेवटी क्राउन-पिनियन, हा क्रम पाळावा. उलट क्रमाने गेलेली माणसे एकाच कामाचे पैसे दोनदा मोजतात.

नवे गुणोत्तर कोणते घ्यावे

सर्वत्र सांगितले जाणारे सूत्र असे आहे: जुने गुणोत्तर गुणिले नवा व्यास भागिले जुना व्यास. कारखान्याची मूळ चाल परत मिळवायची असेल तर ते बरोबर आहे, पण नवखा माणूस इथेच फसतो. आमच्या गाडीसाठी सूत्र ३.५१ हा आकडा देते. ३.२१ हे गुणोत्तर मुळात पेट्रोल वाचवण्याच्या दृष्टीने निवडलेले होते, बत्तीस इंची टायरवरसुद्धा ते डोंगरात तोकडेच पडत होते. मग तीच तोकडी अवस्था परत मिळवण्यासाठी एवढा खर्च कशाला करायचा? शिवाय पस्तीस इंची टायर आणि त्याचे चाक जड असते, गाडी उंच झाल्याने वारा अधिक अडतो, आणि छंदिष्ट माणसाने पुढे लोखंडी बंपर, विंच, छतावर तंबू असे काहीबाही चढवलेले असते. यातले काहीच त्या सूत्रात येत नाही.

म्हणून मी उलट बाजूने हिशेब मांडतो. महामार्गावर ज्या वेगाने आपण बहुतेक वेळ जाणार, त्या वेगाला इंजिन किती फेऱ्यांवर हवे, हे आधी ठरवावे. त्यासाठीचे सूत्र असे: ताशी मैल गुणिले ॲक्सलचे गुणोत्तर गुणिले गिअरचे गुणोत्तर गुणिले ३३६, आणि आलेल्या संख्येला टायरच्या इंचांतील व्यासाने भागावे. ३५ इंची टायर, पाचवा गिअर आणि ताशी ६५ मैल धरले तर ४.१० ला सुमारे २,१२५ फेरे येतात, ४.५६ ला २,३६०, ४.८८ ला २,५२५ आणि ५.१३ ला २,६५५. ताशी ७५ मैलांना ४.५६ वर २,७२५ आणि ४.८८ वर २,९१५ होतात. या इंजिनासाठी ६५ मैलांना २,३०० ते २,५५० हा पट्टा मला योग्य वाटतो, म्हणजे निवड ४.५६ आणि ४.८८ यांच्यात उरते.

या दोहोंपैकी कोणते? रोज कामावर जाणारी आणि महिन्यातून एकदा डोंगरात जाणारी गाडी असेल तर ४.५६ घ्यावे. ट्रेलर ओढायचा असेल, छतावर कायमचे सामान असेल किंवा पुढे सदतीस इंची टायरचा मोह होण्याची शक्यता असेल, आणि तो होतोच, तर ४.८८ घ्यावे. ५.१३ कडे मी या गाडीत वळत नाही, कारण आकडा वाढतो तसा पिनियन बारीक होत जातो. साधारणपणे ४.५६ म्हणजे ४१ ला ९ दात, ४.८८ म्हणजे ३९ ला ८ आणि ५.१३ म्हणजे ४१ ला ८. सहारा किंवा स्पोर्ट प्रकारच्या रँग्लरमध्ये पुढे डाना ३० ॲक्सल असतो. त्याचा क्राउन व्यासाने सात इंचांहून थोडाच मोठा असतो, आणि त्यात बारीक पिनियन घालून दगडांवर जोर लावणे म्हणजे दात तुटण्याला निमंत्रण आहे. रुबिकॉनमध्ये पुढेही डाना ४४ असतो, म्हणून तिथे थोडी अधिक मोकळीक मिळते.

गुणोत्तर दोन्ही ॲक्सलांचे बदलावे लागते, हे वेगळे सांगायला नको असे वाटेल. तरीही खर्च वाचवण्यासाठी फक्त मागचे बदलण्याचा विचार करणारे भेटतात. चारही चाकांना जोर दिला की ट्रान्स्फर केस पुढच्या आणि मागच्या शाफ्टला एकत्र जखडतो, आणि गुणोत्तरे वेगळी असली तर काहीतरी तुटेपर्यंत दोन्ही टोके एकमेकांशी झुंजत राहतात. एका आठवड्यात मागचा ॲक्सल आणि पुढच्या आठवड्यात पुढचा असे काम विभागता येते. मधल्या काळात गाडी फक्त दोन चाकांच्या गिअरवर चालवावी आणि ट्रान्स्फर केसच्या दांड्याला हातही लावू नये.

सामान आणि हत्यारे

क्राउन आणि पिनियन ही जोडी कारखान्यात एकत्र घासून जुळवलेली असते आणि दोघांवर एकच जोडक्रमांक कोरलेला असतो. खोके उघडताच ते क्रमांक पडताळावेत. पुढच्या संचातील पिनियन मागच्या क्राउनला चालत नाही. जोडीबरोबर बेअरिंग, शिम (अंतर जुळवण्याच्या पातळ चकत्या), सील, क्राउनचे नवे बोल्ट, पिनियनचा नवा नट आणि क्रश स्लीव्ह (पिनियनचा नट आवळताना चेपत जाणारी नळी) असलेला पूर्ण संच घ्यावा. जुने बेअरिंग चांगले दिसते म्हणून परत घालणे ही काटकसर नव्हे.

डिफरेंशियलची पेटी तीच चालेल की नवी लागेल, हे मागणी नोंदवतानाच विचारून घ्यावे. गुणोत्तर बदलले की पिनियनची जाडी बदलते आणि त्याला गाठण्यासाठी क्राउन अलीकडे-पलीकडे बसावा लागतो, म्हणून निर्माते एका मर्यादेपलीकडे वेगळ्या मापाची पेटी देतात. जुन्या डाना ४४ मध्ये ही सीमा ३.७३ आणि ३.९२ यांच्यामध्ये आहे, ३.२१ ची गाडी असेल तर ही चौकशी अधिकच महत्त्वाची ठरते. नवी पेटी घ्यावीच लागत असेल तर तेवढ्यात लॉकर बसवून घेणे शहाणपणाचे, कारण मजुरी तीच राहते.

हत्यारांत नेहमीच्या पान्यांव्यतिरिक्त चुंबकी स्टँडसह डायल गेज, इंच-पाउंड दाखवणारा काट्याचा टॉर्क पाना, मोठा टॉर्क पाना, इम्पॅक्ट पाना, बेअरिंग काढायचा पुलर, प्रेस, पितळी पंच आणि दातांवर लावायचा रंग हवा. पुण्या-नाशिकच्या कारखान्यांत ज्यांनी ब्लू मॅचिंग केले आहे त्यांना हा रंग परका वाटणार नाही, तत्त्व तेच आहे. अमेरिकेतील सगळी मापे इंचाच्या सहस्रांशात दिलेली असतात, ०.००८ इंच म्हणजे ०.२० मिलिमीटर एवढे लक्षात ठेवले की पुरे.

गाडी गॅरेजमध्येच द्यायची असेल तर दोन्ही ॲक्सलांचा सामान-मजुरीसह खर्च सहज दोन हजार डॉलरांच्या पुढे जातो. ते पैसे देताना संकोचू नये, पण काम झाल्यावर बॅकलॅशचे, म्हणजे दातांमधील मोकळिकीचे, माप आणि दातांवरच्या ठशाचे छायाचित्र मागून घ्यावे. ते न देणाऱ्याकडे मी दुसऱ्यांदा गाडी नेत नाही.

खोलण्याचे काम

गाडी फ्रेमखाली भक्कम स्टँडवर ठेवावी. फक्त जॅकवर ठेवलेल्या गाडीखाली कधीही शिरू नये. चाके काढावीत, ब्रेकचे कॅलिपर तारेने टांगावेत, त्यांना नळीवर लोंबकळू देऊ नये, आणि एबीएसच्या वायरी सोडवाव्यात. मागच्या ॲक्सलचे शाफ्ट टोकाचे चार नट काढले की बेअरिंगसकट बाहेर ओढता येतात. पुढे मात्र ३६ मिलिमीटरचा मधला नट आणि हबचे तीन बोल्ट काढावे लागतात, आणि गंजलेला हब निघता निघत नाही. थंडीत मिठाचे रस्ते पाहिलेली गाडी असेल तर या कामासाठी अर्धा दिवस राखून ठेवावा. प्रॉपेलर शाफ्ट सोडण्यापूर्वी त्याच्या आणि पिनियनच्या फ्लँजवर एकच सरळ रेघ मारावी.

झाकणाखाली भांडे ठेवून तेल काढावे. वापरलेले तेल अमेरिकेतील मोटारींचे सुटे भाग विकणारी बहुतेक मोठी दुकाने परत घेतात. त्यानंतर काहीही सोडण्यापूर्वी जुन्या जोडीचा बॅकलॅश मोजून लिहून ठेवावा आणि तिच्या दातांवर रंग लावून ठसा पाहावा. कारखान्याने बसवलेला ठसा कसा दिसतो हे एकदा डोळ्यांखालून गेले की पुढे आपले काम ताडून पाहता येते. ही वीस मिनिटे बहुतेक नवखे वाचवतात आणि नंतर दोन दिवस घालवतात.

पेटीला धरून ठेवणाऱ्या बेअरिंगच्या दोन टोप्या हाउसिंगबरोबरच छिलून तयार केलेल्या असतात. डावी उजवीकडे किंवा उलटी बसवली तर नवे बेअरिंग थोड्याच दिवसांत जाते, म्हणून डाव्या टोपीवर आणि तिच्या शेजारी पंचाचा एक ठिपका व उजवीवर दोन ठिपके मारावेत. पेटी दोन पहारींनी सावकाश बाहेर काढावी, ती जड असते आणि अचानक सुटते. बाजूचे शिम कोणत्या बाजूचे किती जाडीचे होते हे मायक्रोमीटरने मोजून लिहावे. मग पिनियनचा नट इम्पॅक्ट पान्याने काढून पिनियन आत ढकलावा आणि बेअरिंगच्या बाहेरच्या कड्या पितळी पंचाने ठोकून काढाव्यात. आतल्या बेअरिंगच्या कडीखालचा किंवा पिनियनच्या डोक्याखालचा शिम हा या कामातला सर्वांत मोलाचा तुकडा आहे; तो वाकला तरी मोजून मगच बाजूला ठेवावा.

पिनियनची खोली

क्राउन पेटीवर नव्या बोल्टांनी, लाल थ्रेडलॉकर लावून, समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने आवळत बसवावा. काही ॲक्सलांत, उदाहरणार्थ जनरल मोटर्सच्या साडेआठ इंची दहा-बोल्टी ॲक्सलात, हे बोल्ट उलट्या आट्यांचे असतात, तेव्हा सोडताना जोर लावण्यापूर्वी बोल्टाचे डोके पाहावे. प्रत्येक ठिकाणचा टॉर्क त्या गाडीच्या कारखान्याच्या पुस्तिकेतूनच घ्यावा; इकडचे तिकडे लावू नये.

आता मुख्य काम येते. पिनियन क्राउनच्या मध्याच्या किती जवळ बसतो, यालाच पिनियनची खोली म्हणतात, आणि ती शिमच्या जाडीने ठरते. पहिला अंदाज म्हणून जुन्या शिमचीच जाडी घ्यावी. ती बरोबर निघेलच असे नाही, म्हणून पिनियन दोन-तीनदा, कधी सहा वेळाही काढून घालावा लागतो. दर वेळी नवे बेअरिंग प्रेसने काढले तर ते खराब होते. त्यावर उपाय असा: जुन्या बेअरिंगचे आतले छिद्र ग्राइंडरवरच्या फ्लॅप चक्रीने किंचित मोठे करून ती हाताने सरकतील अशी करावीत आणि मापे जुळेपर्यंत तीच वापरावीत. या वेळी क्रश स्लीव्ह मुळीच घालू नये. नट फक्त बेअरिंगला थोडा जोर येईल इतकाच आवळावा.

क्राउनचे चार-पाच दात दोन्ही बाजूंनी पातळ रंगवावेत, क्राउनला एका हाताने थोडा विरोध देत पिनियन दोन्ही दिशांनी फिरवावा, आणि उमटलेला ठसा पाहावा. ठसा दाताच्या माथ्याकडे सरकलेला असेल तर पिनियन फार बाहेर आहे, शिम जाड करावा. ठसा दाताच्या मुळाशी गेला असेल तर पिनियन फार आत आहे, शिम पातळ करावा. आरंभी एकदम ०.००५ इंचाचा बदल करावा, म्हणजे ठसा कोणत्या दिशेने हलतो ते स्पष्ट दिसते. जवळ आल्यावर एकेक-दोनदोन सहस्रांशांनी जावे. माथा आणि मूळ यांच्या मधोमध, कडा मऊ पुसट झालेला लंबगोल ठसा आला की खोली जुळली. ठशाची कडा सुरीने कापल्यासारखी तीक्ष्ण दिसत असेल तर समाधान मानू नये.

बॅकलॅश, आणि मग क्रश स्लीव्ह

क्राउन आणि पिनियनच्या दातांमधील मोकळीक म्हणजे बॅकलॅश. डायल गेजचे टोक क्राउनच्या एका दाताला काटकोनात टेकवून, पिनियन स्थिर धरून, क्राउन पुढे-मागे हलवला की काटा जितका सरकतो तितका बॅकलॅश. या वर्गातल्या अनेक ॲक्सलांना साधारण ०.००६ ते ०.०१० इंच चालतो. आपल्या जोडीबरोबर आलेल्या कागदावरचा आकडा अंतिम मानावा. क्राउनच्या परिघावर चार ठिकाणी मोजावे. या चारांत दोन-तीन सहस्रांशांपेक्षा जास्त फरक आला तर क्राउनखाली कचरा अडकला आहे किंवा तो तिरका बसला आहे.

बॅकलॅश कमी करायचा असेल तर शिम एका बाजूने काढून दुसऱ्या बाजूला घालावेत, म्हणजे एकूण जाडी तीच राहून क्राउन पिनियनकडे सरकतो. दहा सहस्रांश शिम बदलला की बॅकलॅश सुमारे सात सहस्रांशांनी बदलतो, हा ठोकताळा बराच कामी येतो. पेटीचा घट्टपणा वाढवायचा असेल तर दोन्ही बाजूंना सारखेच शिम वाढवावेत. बॅकलॅश बदलला की ठसा दाताच्या लांबीवर, आतल्या आणि बाहेरच्या टोकांच्या दरम्यान सरकतो, म्हणून ठसा पुन्हा पाहावाच लागतो. खोली, बॅकलॅश, ठसा हे चक्र कंटाळवाणे आहे हे मी नाकारत नाही.

तिन्ही गोष्टी जुळल्यावर नवी बेअरिंग प्रेसने बसवावीत, क्रश स्लीव्ह आणि तेलाने भिजवलेले सील घालावे, नवा नट थ्रेडलॉकरसह लावावा आणि आवळायला सुरुवात करावी. स्लीव्ह चेपू लागण्यासाठी तीनशे फूट-पाउंडांहून अधिक जोर लागू शकतो; फ्लँज धरायला लांब लोखंडी पट्टी बोल्टने लावावी आणि नट अगदी थोडथोडा फिरवावा. दर वेळी इंच-पाउंडच्या पान्याने पिनियन सलग फिरवून किती विरोध होतो ते पाहावे, पहिल्या धक्क्याचे माप धरू नये. नव्या बेअरिंगसाठी हा विरोध सामान्यतः १५ ते ३० इंच-पाउंडांच्या आसपास मागितलेला असतो. तो बराच वेळ शून्यापाशी रेंगाळतो आणि मग पाव फेऱ्यात झपकन चढतो. मी पहिल्या ॲक्सलला याच क्षणी घाई केली आणि आकडा ओलांडला. नट मागे फिरवून विरोध कमी करता येत नाही, कारण चेपलेली स्लीव्ह परत फुगत नाही. पिनियन पुन्हा बाहेर काढून नवी स्लीव्ह घालावी लागते. त्या ॲक्सलला माझ्या तीन स्लीव्ह गेल्या. तेव्हापासून मी प्रत्येक ॲक्सलमागे दोन जादा स्लीव्ह मागवतो.

पेटी परत बसवून, टोप्या त्यांच्या ठिपक्यांनुसार लावून, बॅकलॅश आणि ठसा शेवटचा तपासावा व छायाचित्र काढून ठेवावे. क्रश स्लीव्ह आणि नवी बेअरिंग आल्यानंतर मापे एखाद-दुसऱ्या सहस्रांशाने हलतात. त्याहून जास्त हलली तर काहीतरी नीट बसलेले नाही.

गाडी पुन्हा रस्त्यावर

झाकण स्वच्छ पुसून सीलंटने बसवावे आणि जोडीच्या निर्मात्याने सांगितलेले जीएल-५ प्रतीचे तेल भरावे. सुरुवातीच्या काळासाठी अनेक निर्माते सिंथेटिकऐवजी साधे खनिज तेल सुचवतात. लिमिटेड-स्लिप असेल तर त्यासाठी तेलात घालायचे खास मिश्रण विसरू नये.

यानंतर संगणकाला नव्या गुणोत्तराची आणि टायरच्या उंचीची माहिती द्यावी लागते. केवळ पस्तीस इंची टायर लावून वेगमापकाला हात लावला नाही तर काटा ६० मैल दाखवत असताना गाडी ६५ च्या पुढे धावत असते, आणि ही सबब वाहतूक पोलिसाला पटत नाही. त्यातच गुणोत्तर चुकीचे राहिले तर स्वयंचलित गिअरबॉक्स भलत्याच वेळी गिअर बदलतो. या पिढीच्या रँग्लरसाठी एईव्ही कंपनीच्या प्रोकॅलसारखे छोटे उपकरण डॅशबोर्डखालच्या सॉकेटमध्ये लावून हे काम दहा मिनिटांत होते. १९९७ ते २००६ च्या रँग्लरमध्ये मात्र ट्रान्स्फर केसजवळचे वेगमापकाचे छोटे प्लास्टिकचे दातेरी चाक बदलावे लागते.

नवी जोडी पहिल्याच दिवशी तापली तर दातांचा कडकपणा कायमचा जातो. पहिले पंधरा-वीस मैल संथ, वेग बदलत चालवावे आणि नंतर किमान अर्धा तास गाडी पूर्ण थंड होऊ द्यावी. असे दोन-तीनदा करावे. पहिले पाचशे मैल ट्रेलर ओढू नये, लांब चढावर दामटू नये आणि युटा राज्यातल्या मोआबच्या दगडांचा बेत पुढे ढकलावा. या काळात गाडीचा आवाज लक्ष देऊन ऐकावा. ॲक्सलरेटर दाबताना एका ठरावीक वेगाला शिट्टीसारखा सूर येत असेल तर पिनियनच्या खोलीवर संशय घ्यावा. पाय दाबला-सोडला तरी न बदलणारी, फक्त वेगाबरोबर वाढणारी घरघर बहुधा बेअरिंगची असते. गिअर टाकताना ठण्ण असा आवाज आला तर बॅकलॅश जास्त राहिला असण्याची शक्यता आहे.

पाचशे मैलांनंतर दोन्ही ॲक्सलांचे तेल बदलावे. झाकणातल्या किंवा बुचाच्या चुंबकावर करड्या रंगाचा लेप जमलेला दिसेल, तो बोटांत चोळला असता मऊ लागतो आणि नव्या दातांच्या झिजेतून आलेला असतो, त्याची काळजी करू नये. मात्र चमकणारे कण किंवा धातूच्या कपच्या हाताला टोचल्या तर तेल परत न भरता रंगाची डबी आणि डायल गेज पुन्हा बाहेर काढावे.